प्रेताचें प्रेम आणि पेरीचें ऋण

आमच्या गांवच्या साहित्यमंडळाच्या गेल्या बैठकींत आमच्या एका विद्वान् मित्रांनीं एक निबंध वाचला. निबंधाचा विषय होता जोनाथन लेव्हिन यांचा २०१३ सालचा 'वॉर्म बॉडीज्' हा अमेरिकन चित्रपट; आणि निष्कर्ष असा कीं, एका चालत्या प्रेतानें जिवंत तरुणीवर प्रेम करावें व तिनेंही त्यास प्रतिसाद द्यावा, ही कल्पना म्हणजे रसांचा शुद्ध व्यभिचार होय. शृंगाराचें बीभत्स व भयानक या रसांशीं वैर आहे असें साहित्यदर्पणकार सांगून गेले असतांना, ज्या पिढीला तें वैर जाणवत नाहीं त्या पिढीची अभिरुचि मेलेलीच समजावी. यापुढें काय झालें तें वाचकांस सांगावयास नकोच. पिढीचा यथास्थित उद्धार झाला, टाळ्या पडल्या, चहा आला.

आम्हीं त्या टाळ्यांत भाग घेतला नाहीं, व बैठकीनंतर त्याबद्दल आम्हांला जाबही विचारण्यांत आला. तो जाब येथें देतों. या चित्रपटाशीं आमचेंही भांडण आहे. किंबहुना आमच्या मित्रांच्या भांडणाहून तें अधिक कडाक्याचें आहे. परंतु तें निराळें आहे. चुकीच्या कलमाखालीं खटला भरला म्हणजे खरा आरोपी हंसत हंसत सुटतो. म्हणून प्रथम मित्रांचें कलम रद्द करणें आम्हांस भाग आहे.

साहित्यदर्पणकार विश्वनाथ हे चौदाव्या शतकांतले. त्यांच्यापूर्वीं सुमारें सहाशें वर्षें भवभूतीनें 'मालतीमाधव' लिहिलें. भवभूति कांहीं परका नव्हे. विदर्भांतील पद्मपुर हें त्याच्या घराण्याचें मूळ गांव. त्या प्रकरणाचा पांचवा अंक उघडून पाहावा. मालती आपल्याला लाभत नाहीं या निराशेनें माधव रात्रीं स्मशानांत येतो, तो हातांत नरमांस घेऊन. तें पिशाचांस विकावें आणि त्यांच्या प्रसादानें तरी कार्य साधावें, असा त्याचा बेत. भोंवतालीं पिशाचें प्रेतें फाडून खात आहेत, आणि भवभूतीनें तें दृश्य अशा कांहीं तपशिलानें रंगविलें आहे कीं आम्हीं तीस वर्षांत तें वर्गांत पूर्णपणें वाचून दाखविण्याचें धाडस केलेलें नाहीं. आणि त्या सर्व काळांत माधवाच्या मनांत काय आहे? मालती. इतक्यांत चामुंडेच्या देवळांतून किंकाळी येते, अघोरघंट व कपालकुंडला मालतीचा बळी देण्याच्या तयारींत आहेत, आणि माधव धांवतो. शृंगार येथें बीभत्साच्या मांडीला मांडी लावून बसला आहे. तो तेथें विटला तर नाहींच, उलट त्याचें वजन वाढलें. कारण ज्या प्रेमासाठीं माणूस पिशाचांशीं सौदा करावयास निघतो त्या प्रेमाचें माप स्मशानाखेरीज दुसरीकडे कोठें निघणार? बरें, स्वतः विश्वनाथांनींही विरोधी रस एकत्र येऊं शकतात असे अपवाद पुढें दिलेच आहेत. आमच्या मित्रांनीं तेवढें पान उलटलें नसावें.

तेव्हां रसमिश्रण हा गुन्हा नव्हे. खरा प्रश्न, एकदां प्रेत प्रणयकथेंत आणल्यावर त्या प्रेताचा हिशेब कथाकार पुरता करतो कीं नाहीं, हा आहे. तो समजण्यासाठीं या विशिष्ट प्रेताची कुळकथा थोडी सांगितली पाहिजे.

हें प्रेत म्हणजे 'झॉम्बी'. (मराठींत हा शब्द आखाड्यांतल्या झोंबीशीं घोटाळा करतो. २०२२ सालीं आदित्य सरपोतदार यांचा 'झोंबिवली' हा मराठी चित्रपट निघाला, तेव्हां आमच्या एका शेजाऱ्यांनीं तो कुस्तीवरचा समजून तिकीट काढलें होतें. मध्यंतरापर्यंत ते मल्लांची वाट पाहत होते.) झॉम्बीची जन्मभूमि हैती. अठराव्या शतकांत तेथें फ्रेंचांची वसाहत होती, आणि उंसाच्या मळ्यांवर आफ्रिकेंतून पकडून आणलेले लक्षावधि गुलाम राबत होते. मरणानंतर आपण आपल्या मूळ देशीं परत जाऊं, एवढाच त्यांतील अनेकांस दिलासा. त्या दिलाशाच्या उलट्या बाजूस जी भीति होती तिचें नांव झॉम्बी: मांत्रिकानें उठविलेलें, मन व इच्छा नसलेलें, धन्याच्या शेतांत राबणारें प्रेत. मेल्यावरही ज्याची वेठ सुटत नाहीं असा गुलाम. हें प्रेत कोणासही खात नाहीं. खाल्लें गेलेलें असतें तें तेंच. झॉम्बी आपल्याला गांठील याची भीति तेथें नसते. आपला झॉम्बी होईल याची असते. त्याच गुलामांनीं १७९१ सालीं बंड करून १८०४ सालीं स्वतंत्र राज्य उभारलें, ही गोष्ट आमच्याकडील इतिहासाच्या पुस्तकांत फारशी सांपडत नाहीं, म्हणून जातां जातां नमूद करतों.

१९१५ पासून १९३४ पर्यंत हैती अमेरिकन फौजेच्या ताब्यांत होतें. त्या काळांत, १९२९ सालीं, विल्यम सीब्रुक यांच्या 'द मॅजिक आयलंड' या प्रवासवर्णनानें हें प्रेत अमेरिकेंत नेलें, आणि १९३२ सालीं त्यावर पहिला मोठा बोलपट निघाला, 'व्हाइट झॉम्बी'. आमच्या मित्रांस ठाऊक नसलेली मौज ही कीं, हा पहिला चित्रपटच मुळीं प्रणयकथा आहे! एका मळेवाल्याचें एका नववधूवर मन जातें. ती वश होत नाहीं म्हणून तो मांत्रिकाकरवीं तिला प्रेतवत् करवितो. देह हातीं येतो, पियानोवर तिचीं बोटेंही फिरतात, परंतु त्या डोळ्यांत कोणी नाहीं. तेव्हां त्यास आपण काय मागितलें होतें तें कळतें. आणि त्याच चित्रपटांत मांत्रिकाचा साखरेचा घाणा आहे: प्रेतें घाणा ओढीत आहेत, त्यांतील एक तोल जाऊन चरकांत पडतें, आणि चरक थांबत नाहीं. नट अतिरेकी, संवाद पोकळ. तथापि प्रेम आणि चरक हीं एकाच धन्याचीं आहेत हें त्या ओबडधोबड कृतीला कळलें होतें.

याहून पुष्कळच सरस चित्रपट १९४३ सालचा. त्याचें नांव 'आय् वॉक्ड् विथ् अ झॉम्बी'. निर्माते व्हॅल लूटन, दिग्दर्शक जाक तुर्नर. लांबी अवघी ६९ मिनिटें. नांव जत्रेंतल्या तंबूवर शोभावें असें, आणि आंत 'जेन एअर'! शार्लट ब्राँटेच्या १८४७ च्या कादंबरींतली माळ्यावर कोंडलेली वेडी पत्नी येथें निश्चेष्ट, पांढऱ्या वस्त्रांत रात्रीं हिंडणारी जेसिका झाली आहे. तिच्या शुश्रूषेसाठीं बेटावर आलेली परिचारिका बेट्सी तिच्या नवऱ्यावर, पॉल हॉलंडवर, प्रेम करूं लागते. येथें साधा कथाकार काय करील? पत्नीस मारून वाट मोकळी करील. बेट्सी उलट करते. आपलें प्रेम खरें असेल तर त्याची पत्नी त्यास परत मिळवून दिली पाहिजे, असें ठरवून ती त्या निर्बुद्ध देहाचा हात धरते आणि मध्यरात्रीं उंसाच्या फडांतून वूडूच्या देवस्थानाकडे निघते. वाऱ्यानें उंसाचीं पातीं सळसळतात, वाटेवर काळा, थिजल्या डोळ्यांचा राखणदार उभा आहे, संगीत नाहीं. प्रेमिका आपल्या सवतीला तिच्या जीवाकडे घेऊन चालली आहे! चित्रपटांतील प्रणयाचीं शेंकडों दृश्यें आम्हीं पाहिलीं. इतक्या निःशब्द त्यागाचें दुसरें आम्हांस आठवत नाहीं.

आणि तो बेट विसरत नाहीं. हॉलंडच्या बागेंत बाणांनीं विंधलेल्या संत सेबॅस्टियनची लांकडी मूर्ति आहे. ज्या गलबतांतून गुलाम आणले त्याच गलबताच्या नाळेवरची ती मूर्ति. गाडीवान बेट्सीला सांगतो कीं आमचे पूर्वज तळाशीं सांखळ्यांनीं बांधून आले; ती म्हणते, पण किती सुंदर ठिकाणीं आले! तो अदबीनें तिचें म्हणणें मान्य करतो, आणि त्या मान्य करण्यांत चार पिढ्यांचा तिरस्कार आहे. शेवटीं जेसिकावर प्रेम करणारा धाकटा भाऊ याच मूर्तींतला बाण उपटतो, तिला मारतो आणि तिचें प्रेत उचलून समुद्रांत शिरतो. पॉल आणि बेट्सी एकत्र येतात खरीं, परंतु कोणाच्या चेहऱ्यावर विजय नाहीं. ज्यानें दुःख दिलें त्याच लांकडांतून बाण निघाला. याला आम्ही हिशेब म्हणतों.

मध्यंतरीं १९६८ सालीं जॉर्ज रोमेरो यांनीं 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' काढला आणि प्रेताचा धंदाच पालटला. धनी गेला, मांत्रिक गेला, ऊंस गेला. उरलें तें माणसें खाणारें प्रेत, आणि त्यांच्या झुंडी. 'वॉर्म बॉडीज्' याच शाखेचा वंशज.

आतां त्याजकडे वळतों, आणि आधीं न्याय करतों. चित्रपट पाहतांना आम्ही हंसलों, व मनापासून हंसलों. एका ओसाड विमानतळावर प्रेतें खुरडत हिंडत आहेत. त्यांतील एक तरुण, ज्याला आपल्या नांवाचें फक्त पहिलें अक्षर 'आर्' एवढेंच अंधुक स्मरतें, एका रिकाम्या विमानांत राहतो, जुन्या ध्वनिमुद्रिका जमवितो, आणि मनांतल्या मनांत अस्खलित बोलतो. तोंडांतून मात्र कण्हण्यापलीकडे कांहीं निघत नाहीं. मुलीसमोर वाचा बंद पडणारा तरुण हा प्रेताहून फारसा निराळा नसतो, हा विनोद खरा आहे. निकलस होल्ट या नटानें डोळ्यांनींच निम्मी भूमिका केली आहे. कथा शेक्सपिअरची आहे हेंही लपविलेलें नाहीं: आर् म्हणजे रोमिओ, ज्यूली म्हणजे ज्युलिएट, मित्र एम् म्हणजे मर्क्युशिओ, सज्जाही आहे. भिंतीच्या आंत जिवंत माणसें, बाहेर मेलेलीं. मुलीचा बाप त्या जिवंतांचा सेनापति. आर् ज्यूलीला वांचवितो, तिच्या सहवासांत त्याचें काळीज धडधडूं लागतें, तो संसर्ग इतर प्रेतांस होतो, शेवटीं बापानें झाडलेल्या गोळीनें त्याच्या अंगांतून रक्त येतें, आणि रक्त आलें म्हणजे तो जिवंत झाला. सुरेख. पण एक माणूस राहिला.

तो माणूस पेरी, ज्यूलीचा प्रियकर. औषधें शोधण्यासाठीं हीं तरुण मंडळी एका पडक्या इमारतींत आलीं असतां प्रेतें त्यांच्यावर तुटून पडतात, आणि आर् पेरीला ठार मारून त्याचा मेंदू खातो. या कथेचा नियम असा कीं, मेंदू खाणाऱ्यास मृताच्या स्मृति मिळतात. पेरीनें ज्यूलीला प्रथम पाहिलें तें, तिच्याबरोबर हंसला तें, सर्व आर् ला मिळतें. उरलेले तुकडे तो खिशांत बाळगतो, व ज्यूली विमानांत निजलेली असतां चोरून खातो. ज्या घटकेस तो पेरीला खाण्यासाठीं वांकतो त्या घटकेस निवेदक, म्हणजे तोच, आम्हां प्रेक्षकांस विनंति करतो कीं, या गोष्टीचा मला अभिमान नाहीं, तेव्हां आपण क्षणभर दुसरीकडे पाहाल तर बरें. प्रेक्षागृहांत हंशा पिकतो, आणि आपण खरोखरच दुसरीकडे पाहतों. चित्रपट संपेपर्यंत आपण दुसरीकडेच पाहत असतों!

येथें आमचें भांडण सुरू होतें. पेरी हा शेक्सपिअरचा पॅरिस आहे. अक्षरांचें साम्य उघड आहे. त्या पॅरिसचें शेक्सपिअरनें काय केलें? पांचव्या अंकांत ज्युलिएटच्या थडग्यापाशीं पॅरिस फुलें घेऊन आलेला आहे. रोमिओ त्यास ओळखत नाहीं. अंधारांत झटापट होते, रोमिओ त्यास मारतो. मरतां मरतां पॅरिस एवढेंच मागतो कीं मला ज्युलिएटशेजारीं ठेव. रोमिओ मशालीनें तो चेहरा पाहतो, ओळखतो, आणि खिशांत विष घेऊन मरावयास निघालेला तो मनुष्य आपली घाई क्षणभर थांबवून प्रतिस्पर्ध्याचें प्रेत हातांनीं उचलतो व थडग्यांत नेऊन ठेवतो. आपण मारलेल्या माणसाला प्रियेच्या शेजारीं जागा देणारा तो रोमिओ! हा प्रसंग रंगभूमीवर दोन मिनिटांचा. परंतु तो नसेल तर रोमिओ हा नुसता उतावीळ मुलगा उरतो. झेफिरेल्ली यांनीं १९६८ च्या व बाझ लुर्मान यांनीं १९९६ च्या आपआपल्या चित्रपटांतून पॅरिसचा हा मृत्यु गाळला, ही गोष्ट आम्ही वर्षानुवर्षें वर्गांत तक्रारीनें सांगत आलों. लेव्हिन यांनीं तो गाळला नाहीं. त्यांनीं तो अगदीं आरंभीं घातला, आणि थडगें मात्र गाळलें.

कोणी म्हणेल, आर् अखेर कबुली देतोच कीं. देतो. परतीच्या वाटेवर एका ओसाड घरांत रात्रीं तो ज्यूलीला सांगतो, आणि ती पहांटे त्यास सोडून निघून जाते. त्या एका पहांटेपुरता चित्रपट मोठा होतो. आम्ही खुर्चींत सांवरून बसलों. आतां कांहीं तरी होणार! झालें असें कीं, ती घरीं गेली, मैत्रिणीपाशीं त्याची आठवण काढली, तो सज्ज्याखालीं आला, आणि त्यापुढें हिशेबाचा विषय कथेंत परत आलाच नाहीं. आमचा प्रश्न क्षमेविरुद्ध नाहीं. भुकेच्या हातून घडलेल्या कृत्यास क्षमा करावी. त्यासाठीं प्रेत असण्याचीही गरज नाहीं. पण क्षमा करावयाची तर ज्याची करावयाची त्याचें नांव घ्यावें लागतें, आणि ज्याचा अपराध झाला त्याचेंही.

आयझॅक मॅरिअन यांची २०१० सालची मूळ कादंबरी येथें अधिक प्रामाणिक आहे हें सांगितलें पाहिजे. तींत पेरी हा आर् च्या मनांत नुसतें चित्र म्हणून येत नाहीं. त्याचा आवाज येतो, तो बोलतो, सुनावतो. खाल्लेला माणूस खाणाऱ्याच्या आंत बसून वाद घालतो! आमच्या वाचकांस येथें कच आठवेल. दैत्यांनीं त्याची राख मद्यांत मिसळून शुक्राचार्यांस पाजली. तो गुरूच्या उदरांतून बोलला, तेथेंच संजीवनी शिकला, आणि बाहेर आला तो निराळा होऊन. ज्या देवयानीच्या प्रेमानें तो जगला तिलाच त्यास सांगावें लागलें कीं, ज्या पित्याच्या उदरीं तूं वाढलीस त्याच उदरांतून मी निघालों, आतां तूं माझी बहीण. १९१३ सालीं खाडिलकरांनीं 'विद्याहरण' लिहिलें तें याच कथेवर. महाभारतकारांस हें पक्कें ठाऊक होतें कीं, माणूस माणसाच्या पोटांत गेला म्हणजे नातीं बदलतात. पूर्वींचें प्रेम पूर्वींच्या जागीं ठेवून चालत नाहीं. चित्रपटांत पेरी आर् च्या पोटांत गेला, आणि बदललें काय? आर् ला ज्यूली आवडूं लागली.

कादंबरींतल्या आर् ला आणखी एक वस्तु आहे जी चित्रपटानें हळूच काढून घेतली: प्रेतांच्या रीतीनें केलेली एक प्रेतपत्नी, आणि दत्तक दिलेलीं दोन मुलें. नायकास अडचण नको म्हणून त्यांस पडद्यावर येऊंच दिलें नाहीं. जीं प्रेतें अधिकच झिजून नुसतीं हाडें उरलीं, त्यांचें काय? तीं सुधारणेपलीकडचीं, म्हणून जिवंत माणसें व अर्धजिवंत प्रेतें मिळून त्यांचा फडशा पाडतात, आणि निवेदक दोन वाक्यांत तो विषय आटपतो. प्रेमानें सर्वांस जिवंत केलें असें म्हणावयाचें, आणि प्रेम जेथें पोंचणार नाहीं तेथें बंदूक तयार ठेवावयाची.

मित्र म्हणतील, हा तर विनोदी चित्रपट, त्यावर एवढा न्यायनिवाडा कशास? ज्यांनीं त्यास रसशास्त्राच्या सुळावर चढविलें त्यांनीं हें म्हणूं नये. शिवाय विनोद हें कांहीं हिशेब चुकविण्याचें निमित्त नव्हे.

आमच्या द्वितीय वर्षाच्या वर्गांत 'रोमिओ अँड ज्युलिएट' लागलेलें होतें. मुलांच्या आग्रहावरून एका शनिवारीं हाच चित्रपट वर्गांत दाखविला. मुलें हंसलीं, टाळ्या वाजल्या, शेवटीं एकदोघांनीं डोळेही पुसले. नंतर मागच्या बांकावरची एक मुलगी, जी वर्षभरांत दोनदां बोलली असेल, उभी राहून म्हणाली, "सर, पण यांच्यांत ज्याचा मेंदू खाल्ला तो परत उठत नाहीं ना? मग आर् नें पेरीला नुसतें मारून सोडलें असतें, तर पेरीही प्रेत झाला असता, आणि शेवटीं बाकीच्यांबरोबर तोही बरा झाला असता."

वर्ग एकदम गप्प झाला. आम्हींही हा विचार केला नव्हता, हें कबूल करतों. चित्रपटानें आरंभींच नियम सांगून ठेवला आहे: मेंदू पूर्ण खाल्ला तर तो माणूस पुन्हां उठत नाहीं. म्हणजे ज्या जगांत प्रेमामुळें यच्चयावत् मेलेलीं माणसें परत येऊं लागलीं, त्या जगांत जो येऊंच शकत नाहीं अशांतला एक पेरी आहे. आणि तो येऊं शकत नाहीं याचें कारण नायकास त्याचें प्रेम हवें होतें. ज्या घांसानें नायक जिवंत होण्यास आरंभ झाला, त्याच घांसानें पेरी कायमचा मेला. एवढी मोठी, एवढी भीषण गोष्ट या कथेच्या हातांत होती! भवभूति तिच्यावर एक अंक खर्चता. लूटन यांनीं तिला उंसाच्या फडांतून हात धरून नेलें असतें. लेव्हिन यांनीं आपल्याला दुसरीकडे पाहावयास सांगितलें.

"त्याला कोणी पुरलें तरी का, सर?" त्या मुलीनें बसतां बसतां विचारलें. त्या रात्रीं घरीं येऊन आम्हीं शेवट पुन्हां लावून पाहिला. आर् आणि ज्यूली शेजारीं शेजारीं बसलेलीं आहेत, समोर शहराची उंच भिंत कोसळते, धूळ उडते. औषधांच्या त्या पडक्या इमारतीकडे कोणी परत जात नाहीं.